कॅप्टनबाबांना मैदानात आणू नका, त्यांचा दाखला द्या

प्रति,
क्लबाचे अध्यक्ष, संचालक मंडळ आणि व्यवस्थापक,
तसेच राज्यातला फुटबॉल ज्यांच्या हाती आहे ते सर्व पदाधिकारी

महोदय,

येत्या सामन्यात मध्यंतराला आपल्या क्लबाचे जुने खेळाडू कॅप्टनबाब यांचा ‘महागौरव सोहळा’ होणार, असा फलक आपण फोंड्याच्या बसस्थानकासमोर लावला आहे. मडगावातही लागला आहे म्हणे. त्यावर छापल्याप्रमाणे कॅप्टनबाबांना चाकाच्या खुर्चीतून मैदानाच्या मधोमध आणणार, शाल-श्रीफळ देणार आणि पुठ्ठ्याचा भला मोठा धनादेश हाती देऊन फोटो काढणार. धनादेशातली रक्कम प्रेक्षकांनीच मोबाइलवर कोड स्कॅन करून भरायची आहे. शिवाय त्यांच्या पाच नंबरच्या जर्सीची विक्री.

आम्ही, म्हणजे त्यांचा खेळ बघत म्हातारे झालेले काहीजण आणि आमच्याकडून त्यांच्या गोष्टी ऐकून मोठी झालेली काही पोरे, या सामन्याची तिकिटे काढू. क्लबाचा गल्ला बुडावा अशी आमची इच्छा नाही. मध्यंतराची शिट्टी झाली की मात्र आम्ही उठून स्टँडबाहेर जाणार आहोत. असे का, हे जाहीरपणे सांगावे लागते आहे. खाजगीत लिहिलेल्या पत्रांवर आपल्या कार्यालयाचा पोचशिक्का तेवढा मिळाला, लेखी उत्तर आलेच नाही.

कॅप्टनबाबांचे आणि आपल्या क्लबाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, तशी अट घातली आहे आणि ती योग्य आहे. १९८०च्या आसपास गोव्याचा फुटबॉल ज्यांनी पाहिला त्यांना नावाची गरज लागणार नाही. बाकीच्यांनी आपल्या गावातल्या कुठल्याही जुन्या खेळाडूचे नाव घालून वाचावे. पत्र बहुतेक तसेच्या तसे लागू पडेल.

मी फोंडा तालुक्यातल्या एका मराठी शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. फुटबॉलवर माझा हक्क एवढाच की मी तिकीट काढून तो बघितला. भात कापून झाले की शेतात बांबू रोवून आम्हीही खेळायचो, पण खेळ बघायचा तो वास्कोला टिळक मैदानावर किंवा पणजीत कांपालला. कॅप्टनबाब स्टॉपर खेळायचे, म्हणजे बचावफळीच्या मधोमध. गोल मारणाऱ्यांची नावे दुसऱ्या दिवशी पेपरात येत, स्टॉपरचे नाव यायचे ते त्याच्या चुकीमुळे गोल झाला तर. त्यामुळे जुन्या कात्रणांत कॅप्टनबाब फारसे सापडत नाहीत, हीच त्यांची कामगिरी म्हणायची. कॉर्नर आला की गर्दीतून पहिले डोके त्यांचे वर यायचे. समोरच्याला कोपर मारलेले मी पाहिले नाही. पंचाशी हुज्जत घालताना मात्र पाहिले आहे, पुष्कळदा, आणि बहुतेक वेळा चूक कॅप्टनबाबांचीच असे.

गोव्याने १९८३ मध्ये बंगालबरोबर राज्यांच्या संघांमधला संतोष करंडक वाटून घेतला आणि पुढच्याच वर्षी एकट्याने जिंकला, त्या काळातले हे खेळाडू. राज्याच्या शिबिरापर्यंत ते पोहोचले, गुडघा फिरला आणि संधी गेली. म्हणून त्यांच्याकडे राज्याचे प्रमाणपत्र नाही, ब्लेझर नाही. रोव्हर्स कपला मुंबईच्या कूपरेजवर खेळले, फेडरेशन कपला खेळले, ते आपल्या क्लबाकडून. त्यांचा सगळा खेळ आपल्या दप्तरात आहे. इतरत्र कुठेच नाही.

आता मुख्य तक्रारीकडे येतो.

कॅप्टनबाबांना स्मृतिभ्रंश झाला आहे. बांबोळीच्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तपासण्या करून तसे लिहून दिले. तिथल्या उपचाराबद्दल आमची काहीच तक्रार नाही. रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण २०१६ पासून मिळते. पण या आजारात ऑपरेशन नसते. खर्च होतो तो घरी, रात्रीच्या वेळी, सांभाळायला ठेवलेल्या माणसावर. त्याचे बिल कुठलीच योजना घेत नाही. वहिनींचे वय सत्तरीच्या उंबरठ्यावर. मुलगा बोटीवर असतो, सहा-आठ महिन्यांनी घरी येतो.

केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाचा खेळाडूंसाठी कल्याण निधी आहे, पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने. हलाखीत असलेल्या आजी-माजी खेळाडूंना त्यातून वैद्यकीय उपचारासाठी १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. (केंद्राची खेळाडूंसाठी निवृत्तिवेतन योजनाही आहे, पण ती ऑलिंपिक, आशियाई, राष्ट्रकुल अशा स्पर्धांतल्या पदकविजेत्यांसाठी. भारतीय फुटबॉलला आशियाई स्पर्धेत शेवटचे पदक मिळाले १९७० मध्ये बँकॉकला. त्यानंतरच्या पिढीने काय करायचे?) निधीच्या अर्जाला कामगिरीचे दाखले लागतात. म्हणून वहिनींनी आपल्याकडे एक कागद मागितला. अमुक खेळाडू अमुक वर्षांपासून अमुक वर्षांपर्यंत आमच्या पहिल्या संघात होता, या या स्पर्धा खेळला. बस्स.

उत्तर तोंडी मिळाले. कार्यालय हलवताना जुनी दप्तरे गहाळ झाली, सबब दाखला देता येत नाही.

महोदय, आपल्याच फलकावर कॅप्टनबाबांचा तरुणपणीचा फोटो आहे, हवेत उंच उडालेला. तो फोटो कुठल्या पेपरात कधी आला नव्हता. तो क्लबाच्या अल्बममधला आहे. त्याखाली ठळक अक्षरांत छापले आहे: ‘१९७७ ते १९८८, आमचा अभेद्य बुरूज’. शेजारी तीन स्पर्धांची नावे. जाहिरातीसाठी सापडलेले दप्तर दाखल्यासाठी सापडत नाही, असे कसे? त्या फलकावरचाच मजकूर क्लबाच्या लेटरहेडवर टाईप करून त्याखाली सही ठोकली तरी वहिनींचे काम होते.

खुर्चीबद्दलही बोलले पाहिजे. कॅप्टनबाबांना चाकाची खुर्ची लागत नाही. ते चालतात, घरच्यांना नको तितके चालतात. दुपारचे साडेतीन झाले की सरावाची वेळ झाली म्हणून पिशवी उचलतात आणि बाहेर पडतात. कुलूप लावले तर दारावर धडका देतात, म्हणून वहिनींनी लावणे सोडून दिले. नाक्यावरचा गाडेवाला त्यांना ‘आज ग्राउंड ओले आहे कॅप्टन, कोचने सुटी दिली’ असे सांगून चहा पाजतो. कदंबाच्या एका कंडक्टरने त्यांना दोनदा घरी आणून सोडले; तिकीट घेतले नाही, उलट बसमधल्या सगळ्यांना कोण आहेत ते सांगितले. सकाळचा पोदेर पाव देताना थांबून ते घरात आहेत ना, एवढे बघून जातो. त्याचे वय पंचवीस असेल. त्याने त्यांचा खेळ कुठून पाहणार? त्याच्या आजोबांनी पाहिला होता.

हे सगळे कोणी ठरवून दिलेले नाही. आमच्यातल्या एका रिक्षावाल्याने वहीत पाळ्या लावल्या, बांबोळीला नेण्याआणण्याच्या. त्या वहीत दोन नावे अशी आहेत की ज्यांनी उभे आयुष्य समोरच्या क्लबाला पाठिंबा दिला आणि कॅप्टनबाबांना स्टँडमधून शिव्या घातल्या. त्यातला एक अजून म्हणतो की त्या अमुक सामन्यातली पेनल्टी पेनल्टी नव्हतीच. कॅप्टनबाबांना सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, पण पेनल्टीचा विषय काढला की ते त्याच्याशी तावातावाने भांडतात. दोघांनाही बरे वाटते.

अशा माणसाला प्रकाशझोतात, ढोल आणि लाऊडस्पीकरच्या गदारोळात, हजारो लोकांसमोर खुर्चीत बसवून आणणे म्हणजे काय, याचा विचार आपल्यापैकी कोणी केला आहे का? मोठा आवाज आणि अनोळखी गर्दी यांनी अशा रुग्णाचा गोंधळ वाढतो, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. त्यातून सोहळ्याची जागा फातोर्ड्याची. ते स्टेडियम उभे राहिले १९८९ मध्ये. तोवर कॅप्टनबाबांनी बूट खुंटीला टांगले होते. ज्या मैदानावर ते कधी खेळलेच नाहीत तिथे त्यांना कुठली ओळख पटणार? ओळख पटावी हा हेतूच नसेल, तर गोष्ट वेगळी.

जर्सीबद्दल थोडक्यात. फलकावर किंमत छापली आहे. विक्रीतला किती पैसा घरी जाणार, ते छापलेले नाही. ‘उत्पन्नाचा काही भाग’ असे शब्द आहेत. फोटो आणि नंबर वापरायला वहिनींची परवानगी कोणी मागितलेली नाही. शाळेत गॅदरिंगच्या वर्गणीचासुद्धा आम्ही हिशेब लावत होतो.

यापुढचा मुद्दा बोलायला अवघड आहे. तो आपल्याला आरोपासारखा वाटेल. तसा तो नाही, पण टाळताही येत नाही.

कॅप्टनबाबांचे काम होते डोक्याने बॉल बाहेर काढणे. सामन्यात तर होतेच, सरावातही होते. सगळे निघून गेले की दोन पोरे दोन्ही बाजूंनी उंच बॉल टाकायची आणि ते एकामागून एक हेड मारत राहायचे. आम्ही कुंपणाला टेकून बघत असू. नियमाप्रमाणे सामना सुरू होताना बॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. पण तेव्हाचा चामड्याचा बॉल आपल्या पावसात पाणी पिऊन जड होई. मग त्याचे वजन कोणी करत नसे.

२०१९ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी सर्वसामान्य लोकांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू येण्याचे प्रमाण खेळाडूंत सुमारे साडेतीनपट निघाले. दोन वर्षांनी त्याच गटाने जागेनुसार हिशेब मांडला. गोलकीपरांत या आजारांचे प्रमाण सामान्य माणसांपेक्षा फारसे वेगळे नव्हते, बचावपटूंत ते जवळजवळ पाचपट होते. म्हणजे जो हाताने बॉल अडवतो तो बऱ्यापैकी वाचतो आणि जो डोक्याने अडवतो तो सापडतो. एकट्या कॅप्टनबाबांचा आजार हेडिंगमुळेच झाला, असे डॉक्टर म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. वय आहे, जुना रक्तदाब आहे. पण शक्यता इतकी मोठी असताना क्लबाने शाल पांघरून विषय संपवावा, हे आम्हाला मान्य नाही.

इंग्लंडमध्ये वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचा जेफ ॲस्टल हा हेडिंगसाठी गाजलेला फॉरवर्ड होता. २००२ मध्ये तो एकोणसाठाव्या वर्षी गेला आणि चौकशी अधिकाऱ्याने मृत्यूचे कारण लिहिले: व्यवसायातून जडलेला आजार. त्याच्या घरच्यांनी पुढे अनेक वर्षे लढा दिला. क्लबाचे प्रेक्षक सामन्याच्या नवव्या मिनिटाला उभे राहून टाळ्या वाजवायचे, कारण त्याचा नंबर नऊ होता. एकेका मिनिटाच्या त्या टाळ्यांनी तिथल्या फुटबॉल संघटनेला विषय टाळता येईना. १९६६चा विश्वचषक जिंकलेल्या नॉबी स्टाइल्सने २०१० मध्ये आपले पदक लिलावात काढले, पुढे स्मृतिभ्रंशातच तो गेला. २०२३ मध्ये तिथल्या प्रीमियर लीगने आणि खेळाडूंच्या संघटनेने मिळून अशा माजी खेळाडूंच्या कुटुंबांसाठी १० लाख पौंडांचा निधी सुरू केला. तेवढा पैसा आपल्याकडे नाही, हे आम्हालाही कळते. नोंदवही ठेवायला पौंड लागत नाहीत.

आपली बाजूही मला माहीत आहे. गोव्याचे मोठे क्लब खाणींच्या पैशावर उभे राहिले. धेंपो, साळगावकर, सेझा ही नावे लोकांना आधी खनिजाच्या ट्रकांवरून माहीत होती. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले तेव्हा आमच्यासारख्यांच्या घरात सुतक होते. क्लब चालवणे आज सोपे नाही. पण कॅप्टनबाबांच्या काळात तरी खेळाडूंनी काय मिळवले? राष्ट्रीय लीग सुरू झाली १९९६ मध्ये. त्याआधीची पिढी कागदोपत्री हौशी. कराराचा कागद नाही, विमा नाही, गुडघा गेला तर दोन महिने घरी बसा. बऱ्याच जणांना क्लबाच्या मालकांच्या कंपनीत चिकटवले जायचे, कॅप्टनबाब वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये होते. कंपनी आक्रसली तशी नोकरी गेली. तेव्हा ते एक शब्द बोलले नाहीत. पंचाशी तासभर भांडणारा माणूस मालकासमोर गप्प बसला, हे मला अजून पटलेले नाही.

फुटबॉल हा गोव्याचा राज्य खेळ आहे. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारख्या, देशाचे कप्तानपद भूषवलेल्या गोलकीपरला अर्जुन पुरस्कारासाठी १९९७ आणि पद्मश्रीसाठी २०२२ उजाडावे लागले. तिथे क्लबाच्या स्टॉपरची काय कथा? आम्ही पुरस्कार मागत नाही. मागतो ते असे.

दाखला द्या, आणि तो सामन्याच्या आधी द्या. क्लबाच्या लेटरहेडवर, वर्षे आणि स्पर्धांच्या नावांसह. जुन्या कार्यक्रमपत्रिका, संघाचे फोटो आणि कात्रणे आम्ही गोळा केली आहेत. पडताळणीला लागतील तेवढी घ्या. राज्याच्या संघटनेने त्या काळातल्या लीगच्या नोंदींवरून त्याला दुजोरा द्यावा आणि अर्ज आपल्या शिफारशीसह पुढे पाठवावा.

मध्यंतराचा सोहळा रद्द करा. सत्कार करायचाच असेल तर दोन-तीन जणांनी त्यांच्या घरी जावे, सकाळी जावे, कॅमेरा नेऊ नये. जुने सोबती आले तर त्यांना आनंद होतो, नावे आठवली नाहीत तरी.

जर्सी विकायला आमची हरकत नाही. आम्हीही घेऊ. आधी वहिनींशी लेखी करार करा आणि जर्सीमागे किती रुपये त्यांना मिळणार ते फलकावरच्या किमतीइतक्याच मोठ्या अक्षरांत छापा.

रात्रीच्या मदतनिसाचा पगार क्लबाने दरमहा द्यावा. प्रेक्षकांकडून एकदा गोळा केलेल्या रकमेने हे भागत नाही, हा आजार वर्षानुवर्षे चालतो. क्लबाची ऐपत तेवढी नसेल तर अर्धा द्या, बाकीचा अर्धा आम्ही उभा करू. पण दरमहा.

कॅप्टनबाबांबरोबर खेळलेले आणखी कितीजण कुठे आणि कसे आहेत, याची यादी करा. प्रत्येक क्लबाने करावी. वर्षातून एकदा त्यांची तपासणी व्हावी, स्मरणशक्तीचीसुद्धा. यात पैशापेक्षा कोणीतरी फोन उचलून विचारपूस करण्याचेच काम जास्त आहे.

आणि अकादम्यांतल्या लहान पोरांचे बघा. अमेरिकेने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे हेडिंग बंद केले, इंग्लंडने २०२० मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांना सरावात हेड मारायला लावू नका असे सांगितले. आमच्या तालुक्यात अजून आठ वर्षांच्या पोरांना रांगेत उभे करून डोक्यावर बॉल टाकतात आणि जो डोळे मिटतो त्याला हसतात. ते थांबवायला एक परिपत्रक पुरते.

सामन्याला अजून वेळ आहे. दाखला त्याआधी मिळाला आणि सोहळा रद्द झाला तर आम्ही मध्यंतराला जागेवर बसून राहू, नेहमीसारखे चणे खात आणि आपल्या बचावफळीला नावे ठेवत. तिच्याबद्दल वेगळे पत्र लिहावे लागेल, ते नंतर.

दाखल्याचा मसुदा टाईप करून सोबत जोडला आहे. सही आणि शिक्का एवढेच आपले काम.

आपला,
फोंडा तालुक्यातला एक निवृत्त शिक्षक
आणि सोबत सह्या केलेले प्रेक्षक